मे महिन्यात जॅकेट कोण घालतं?

नवतपा लागायला दोन दिवस होते आणि मी सकाळी अकरा वाजता मोटरसायकलवर नागपूरहून चंद्रपूरला निघालो. अकरा ही निघायची वेळ नव्हेच. पण आदल्या रात्री लग्नघरात जागरण झालं होतं आणि मुळात अंगात नवंकोरं मेश, म्हणजे जाळीदार, रायडिंग जॅकेट होतं. दुकानदाराने ते उजेडासमोर धरून आरपार दाखवलं होतं आणि वर म्हणाला होता, "साहेब, एसी घातल्यासारखं वाटेल."

बुटीबोरी मागे पडली, गाडी ऐंशीवर नेली आणि भडभुंज्याच्या भट्टीसमोर बसल्यासारखा वारा छातीवर यायला लागला. जेवढा वेग जास्त तेवढी भट्टी जवळ. जामच्या चौकात थांबून जॅकेट काढलं तर आतला टीशर्ट ठणठणीत कोरडा. मला त्याचं कौतुक वाटलं, वा, घामच नाही! मग आरशात पाठ दिसली. काळ्या टीशर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. घाम आला होता, भरपूर आला होता, फक्त मला कळायच्या आत उडून गेला होता. डोकं ठणकत होतं आणि गाडीची चावी कुठल्या खिशात ठेवली ते आठवायला अर्धा मिनिट लागला.

पुढच्याच आठवड्यात तेच जॅकेट घालून कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो. तापमान नागपूरपेक्षा दहा-अकरा अंशांनी कमी. तिथे मात्र साखरप्याला पोचेपर्यंत टीशर्ट पिळून काढावा इतका ओला. गाडी चालू असेपर्यंत बरं वाटायचं, पालीच्या नाक्यावर ट्रकमागे थांबलो की जीव नकोसा.

जॅकेट एकच, माणूस एकच. मग असं का? उन्हाळ्यातलं रायडिंग गिअर समजून घ्यायचं तर आधी या प्रश्नाचं उत्तर लागतं. जाळी किती मोठी, ब्रँड कुठला, हे सगळं त्यानंतरचं.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून पुण्यात मार्चच्या सकाळी जाळीदार जॅकेट सुखाचं वाटतं. हवा ३५च्या वर गेली की हिशेब उलटतो. आता वारा उष्णता नेत नाही, आणून टाकतो. ४४ अंशांच्या हवेत ऐंशीच्या वेगाने जाणं म्हणजे हेअर ड्रायर अंगावर धरणं. त्या वेळी शरीराकडे उष्णता टाकायचा एकच मार्ग उरतो: घाम वाळवणं. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. ही प्रचंड ताकद आहे. पण अट एकच, घाम अंगावर वाळला पाहिजे. निथळून पँटमध्ये गेलेला घाम काही कामाचा नाही.

आता माठ आठवा, नाहीतर कूलर. नागपुरात खस लावलेल्या कूलरसमोर दुपारी पांघरूण घ्यावंसं वाटतं. तोच कूलर रत्नागिरीत लावला तर खोलीत फक्त दमटपणा वाढतो. कारण कोरडी हवा पाणी ओढते, दमट हवेला त्याची गरजच नसते. आकड्यांत सांगायचं तर, हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वाऱ्यात धरलेलं ओलं फडकं २३ अंशांच्या आसपास थंड होतं. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तेच फडकं २८ अंशांच्या खाली उतरत नाही. म्हणजे नागपूरची हवा ११ अंशांनी जास्त तापलेली असूनही तिथलं ओलं कापड रत्नागिरीतल्या ओल्या कापडापेक्षा थंड! विदर्भातला उन्हाळा पाण्याने हरवता येतो, कोकणातला वाऱ्याने. हे एवढं डोक्यात बसलं की गिअरचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

विदर्भातल्या बाया-माणसांना हे कुणी शिकवलेलं नाही. उन्हात निघताना डोकं, कान, मान, तोंड दुपट्ट्याने गच्च बांधून, हातांवर बाह्या ओढूनच त्या स्कूटीवर बसतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा विचारतो, एवढ्या उकाड्यात एवढं गुंडाळून कशाला? याचसाठी. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असताना उघडं अंग थंड राहत नाही, ते भाजतं आणि सुकतं. थर घातला की उन्हाचा थेट मारा थांबतो आणि घामाला अंगावर टिकून सावकाश वाळायला वेळ मिळतो.

तर मग कोरड्या उन्हाळ्यात करायचं काय? जॅकेटच्या आत पूर्ण बाह्यांचा, अंगाला चिकटून बसणारा पातळ टीशर्ट घालायचा आणि निघण्याआधी तो नळाखाली भिजवून, पिळून चढवायचा. वरून जॅकेट. त्याला व्हेंट (हवेसाठी उघडता येणाऱ्या फटी) असतील तर हवा चाळिसीपार गेल्यावर सगळे सताड उघडे न ठेवता थोडेच उघडायचे, म्हणजे ओलावा लवकर संपत नाही. गळ्याभोवती ओला रुमाल किंवा बफ (गळ्यात चढवायची कापडी नळी). हे करून पहिल्यांदा निघालात की दहा मिनिटांत अक्षरशः थंडी वाजते. हसू येतं. मात्र भर मे महिन्यात हा गारवा पाऊण-एक तासाच्या पुढे टिकत नाही, टीशर्ट खडखडीत वाळतो. म्हणून थांबायची ठिकाणं चहावर न ठरवता नळावर ठरवायची. पानपोई दिसली की थांबायचं.

बाजारात भिजवून घालायची कूलिंग वेस्ट मिळते, तिच्यामागचं तत्त्वही हेच. अकोला, चंद्रपूर, जळगाव या पट्ट्यात ती पैसे वसूल करते. मुंबई-गोवा रस्त्यावर ती एक ओलं, जड बनियन होऊन बसते. कोकणात आणि गोव्यात उलटं धोरण: जाळी जितकी मोठी तितकी चांगली, आत एकच पातळ थर, आणि थांबायचं तर वारा लागेल अशा जागी थांबायचं. घाम वाळायला तिथे वाऱ्याशिवाय दुसरा आधार नाही. सुती टीशर्ट दमट हवेत घाम पिऊन बसतो आणि अंगाला चिकटतो, म्हणून तिकडे लवकर वाळणारा पॉलिस्टरचा बरा. कोरड्या भागात मात्र सुती चालतो, कारण पाणी धरून ठेवणं हाच तिथे त्याचा गुण.

पाण्याबद्दल एकच सांगतो. तहान लागल्यावर प्यायचं हे उन्हात गाडीवर चालत नाही, कारण हेल्मेट काढायचा कंटाळा तहानेपेक्षा मोठा असतो. पाठीवरची पाण्याची पिशवी आणि तोंडाशी येणारी नळी, हा मला या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत उपयोगी स्वस्त शोध वाटतो. पण घामाबरोबर मीठही जातं, माझ्या पाठीवरचे नकाशे आठवा. नुसतं पाणी ढोसत राहण्यापेक्षा मधूनमधून मीठ घातलेलं ताक, लिंबूसरबत, पन्हं किंवा ओआरएसचं पाकीट. रस्त्यावरचा उसाचा रस गोड लागतो, पण त्यात मीठ टाकून मागा.

आणि एक धोक्याची खूण. डोकं दुखणं, मळमळणं, पायात गोळे येणं ही शरीराची पहिली हाक. तेव्हा सावली, पाणी आणि अर्धा तास. पण सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, साधा प्रश्न कळेना, चाल अडखळली आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात आहे. तिथे "थोडं पड, बरं वाटेल" नाही. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ला फोन. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. जामला चावीचा खिसा न आठवणारा मी त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकून आलो होतो, हे मला नंतर एका डॉक्टर मित्राने ऐकवलं. शिव्यांसकट.

आता मूळ आक्षेप. एवढा त्रास असेल तर जॅकेट घालायचंच कशाला? गावातल्या गावात तर जायचंय.

गावातल्या गावातच पडलो होतो मी. बांधकामासमोर रस्त्यावर सांडलेली रेती, वेग चाळीसच्या आसपास, पुढचं चाक सरकलं. हातात ग्लोव्ह्ज होते, अंगात जॅकेट होतं, खाली मात्र रोजची जीन्स. ग्लोव्ह्जच्या तळव्यावरचं चामडं घासून पांढरं पडलं, आत हाताला साधा ओरखडाही नाही. जीन्सला उजव्या गुडघ्यावर रुपयाएवढं भोक. एवढंसं! पण त्या भोकाच्या मागे खडी रुतली होती. दवाखान्यात ती ब्रशने घासून काढली आणि पुढचे अठरा दिवस एक दिवसाआड ड्रेसिंग बदलताना चिकटलेली पट्टी भिजवून, सोलून काढावी लागायची. जॅकेटला तीन हजार जास्त का द्यायचे, हा प्रश्न मी त्या अठरा दिवसांत कुणालाच विचारला नाही.

हिशेब साधा आहे. डांबरावर घसरणारा माणूस कपडे आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणानेच थांबतो. चाळीसच्या वेगाला साधारण दहा मीटर आणि दोन सेकंद, साठला वीस-बावीस मीटर आणि पावणेतीन सेकंदांच्या आसपास. साध्या जीन्सचं कापड या घासण्यात एखादा सेकंद टिकलं तरी खूप. त्यानंतरचा वेळ तुमच्या कातडीचा. त्यात मे महिन्याच्या दुपारी डांबर साठ अंशांच्या वर तापलेलं असतं, म्हणजे खरचटण्यासोबत भाजणंही आलं.

म्हणून जॅकेट दोन वेगळ्या कामांसाठी असतं आणि ती दोन कामं दुकानात हमखास एकमेकांत मिसळली जातात. एक काम घासण्यापासून वाचवायचं, ते कापडाचं. दुसरं आपटण्यापासून वाचवायचं, ते आतल्या आर्मरचं, म्हणजे खांदा, कोपर, पाठ, गुडघा इथे बसवलेल्या गाद्यांचं. "सर, हे सीई जॅकेट आहे" असं दुकानदार म्हणतो तेव्हा बऱ्याचदा फक्त आर्मरला सीई, म्हणजे युरोपीय मानकाचं, प्रमाणपत्र असतं, जॅकेटच्या कापडाला नसतं. तेव्हा आतलं लेबल वाचायचं. लेबलवर ईएन १७०९२ हा आकडा असेल तर पूर्ण कपड्याची चाचणी झाली आहे, फक्त ईएन १६२१ असेल तर ती आतल्या गाद्यांची.

ईएन १७०९२ मध्ये कपड्यांना श्रेणी असते. ट्रिपल ए, डबल ए, सिंगल ए, मग बी आणि सी. ही चाचणी कापडाचा तुकडा फिरत्या यंत्रावर ठरावीक वेगाला आणून खरखरीत पृष्ठभागावर सोडते आणि थांबेपर्यंत भोक पडतं का ते पाहते. खांदा, कोपर, गुडघा या सर्वांत जास्त घासल्या जाणाऱ्या भागासाठी ट्रिपल एला ताशी १२० किलोमीटरला समतुल्य वेग, डबल एला ७० आणि सिंगल एला ४५. बी म्हणजे घासण्यात ए इतकंच, पण आर्मर नाही. सी म्हणजे फक्त आर्मर अडकवायचा सांगाडा, बॉडी आर्मर म्हणून शर्टसारखे मिळतात ते. ते वरून काही घातल्याशिवाय घासण्यापासून वाचवत नाहीत.

उन्हाळी जाळीदार जॅकेट बहुतेक सिंगल ए श्रेणीत येतात. जाळी म्हणजे भोकं आणि भोकं काही घासणं सहन करत नाहीत. ट्रिपल ए चामड्याचा सूट घालून मे महिन्यात वर्ध्याला जा असं मी कुणालाच सांगणार नाही, कारण उष्णतेने चक्कर येऊन पडणं हाही अपघातच. पण जाळी कुठे आहे ते पाहता येतं. छाती, पोट, बाह्यांची आतली बाजू इथे जाळी आणि खांदे, कोपर, पाठीचे कडेचे भाग इथे जाड कापड, असं जॅकेट घ्यावं. कोपरावर सुद्धा नुसती जाळी असेल तर ते हँगरवर परत ठेवा, कितीही थंड वाटलं तरी. शिवण पाहा: खांद्यावर एकेरी टाका असेल तर कापड कितीही दणकट असलं तरी ते शिवणीतून फाटतं.

आर्मरचं गणित आणखी गमतीचं. चाचणीत पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडल्याइतका दणका त्यावर देतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. खांदा-कोपर-गुडघ्याच्या लेव्हल वनला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत परवानगी, लेव्हल टूला २० पर्यंत. ३५ किलोन्यूटन म्हणजे क्षणभरासाठी साडेतीन टनांच्या वजनाइतका जोर. आणि हा आर्मर *असताना* पोचणारा जोर आहे! पाठीच्या आर्मरचे निकष कडक: लेव्हल वनला १८, लेव्हल टूला ९. बऱ्याच जॅकेटांच्या पाठीत नुसता फोमचा तुकडा ठेवलेला असतो, भांडी घासायच्या स्पंजइतकाच उपयोगाचा. तो काढून लेव्हल टूचा पाठीचा आर्मर वेगळा विकत घेणं, हा माझ्या मते जॅकेटवर करता येणारा सर्वांत चांगला खर्च.

हातात घेतले तर मऊ, वाकणारे आणि दणका बसला की कडक होणारे आर्मर हल्ली मिळतात. जादू नाही त्यात. कॉर्नफ्लोअर पाण्यात दाटसर कालवा, बोट हळू बुडवा, आत जातं. मूठ आपटा, दगड. तसलाच प्रकार. उन्हाळ्यात ते शरीराच्या उष्णतेने आणखी मऊ होऊन अंगाशी बसतात, पण त्यातले जाड, बिनभोकांचे असतील तर त्यांच्याखालीच घाम साचतो. भोकं पाडलेले मिळतात, ते घ्या. आणि आर्मर कोपरावरच राहायला हवा. जॅकेट घालून हात हँडलवर धरल्यासारखे पुढे करा, मग बाही ओढून पाहा. आर्मर दंडाकडे सरकत असेल तर पडताना तो नेमका तिथे नसेल.

पँटबद्दल माझ्या गुडघ्याने सांगितलंच आहे. बुटांचं थोडक्यात: घोटा झाकणारे, बाजूने वाकवले तर सहज न वाकणारे. चप्पल घालून ऐंशीने जाणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. ग्लोव्ह्जचे तळवे चामड्याचे आणि मनगटाला पट्टा असलेले घ्या, कारण पडताना माणूस हात आधी टेकतो आणि सैल ग्लोव्ह पहिल्या फुटातच निघून जातो.

हेल्मेटवर मात्र थांबू या. भारतात १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ मानकाचं, आयएसआय चिन्ह असलेलं हेल्मेटच विकता येतं. तरी पदपथावर दोनशे-तीनशे रुपयांत त्याच चिन्हाचा स्टिकर लावलेली प्लॅस्टिकची टोपी मिळतेच. ती डोक्याचं रक्षण करत नाही, फक्त चलनापासून वाचवते, तेही कधीमधी. डोकं वाचवतो तो हेल्मेटच्या कवचाच्या आतला थर्माकोलचा जाड थर. तो दबून, चुरगळून दणक्याचा वेळ वाढवतो आणि एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी संपलेलं असतं. गाडीच्या आरशाच्या दांड्यावर हेल्मेट अडकवून ठेवायची आपली सवय वाईट ती याचसाठी, आरशाचं टोक त्याच थरात हळूहळू खड्डा पाडतं.

युरोपीय ईसीई मानकाचं हेल्मेट घेणार असाल तर हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेलं पांढरं लेबल बघा. नव्या २२.०६ मानकात डोकं तिरकस आपटून गरगरण्याचीही चाचणी आहे. त्याच लेबलवर पी असेल तर हनुवटीच्या पट्टीची चाचणी झालेली आहे, "जे" हे अक्षर म्हणजे तोंड उघडं हेल्मेट, आणि एनपी म्हणजे हनुवटीची पट्टी आहे पण ती वाचवेल असा दावा नाही. उकडतं म्हणून अर्धं हेल्मेट घेणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की चांगल्या फुलफेस हेल्मेटला पुढून हवा आत घेणारी आणि मागून बाहेर फेकणारी नळी थर्माकोलमध्येच कोरलेली असते. आतून बोट फिरवून पाहा, खोबणी लागते का. वरून छान व्हेंटचं झाकण आणि आत सलग थर, असले नमुने बाजारात भरपूर आहेत. काळी काच दुपारी सुखाची वाटते, पण घाटातल्या बोगद्यात शिरलात की दोन सेकंद आंधळे होता. साधी काच, आत गॉगल.

आता गाडीकडे. गाडीचं इंजिन म्हणजे उन्हातला दुसरा रायडर. त्यालाही उष्णता बाहेर टाकायची असते आणि त्यालाही ४४ अंशांची हवा परवडत नाही. एअरकूल्ड इंजिनाच्या पंखांवरून वारा वाहत असेपर्यंत ते मजेत असतं, वर्दळीत अडकलं की पालीच्या नाक्यावरच्या माझ्यासारखं होतं. अशा वेळी मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करा, त्याच्यावरही उपकार आणि तुमच्या पायावरही.

ऑइलबद्दल एक गोड गैरसमज आहे: उन्हाळ्यात जाड ऑइल टाकायचं. डब्यावरच्या १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, डब्ल्यू म्हणजे विंटर. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, शंभर अंशांना, ते किती दाट राहतं ते सांगतो. शंभर अंशांचं इंजिन बाहेर नागपूर आहे की महाबळेश्वर, याची फारशी पर्वा करत नाही. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या शंभर सीसीच्या गाडीत २०डब्ल्यू-५० टाकलं तर इंजिन जड फिरतं, अॅव्हरेज पडतं, फायदा शून्य. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाका, फक्त उन्हाळ्यात बदलायची तारीख पुढे ढकलू नका. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलची खूण) असं हवं. कारचं ऑइल स्वस्त पडलं म्हणून टाकलं तर मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि तो सरकायला लागतो.

कूलंटवाली गाडी असेल तर टाकीत नळाचं पाणी भरू नका. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब मिळून उकळबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. साध्या पाण्याला तेवढं जमत नाही आणि आत गंज वेगळा. ते झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही, कुकरची शिटी आठवा. रेडिएटरला बसवायची जाळी हौसेने लावताना पाहा, काही जाळ्या खडे अडवतात आणि हवाही.

टायरच्या हवेत मी स्वतः फसलो होतो. वरोऱ्याजवळ एका पंपावर हवा तपासली तर ठरलेल्यापेक्षा चार पीएसआय जास्त. काढायला सांगितली. पंपावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, गरम टायरची हवा नका काढू, सकाळी बसलेली दिसेल." मी ऐकलं नाही. सकाळी बसलेली दिसली. टायरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. हा हिशेब कंपनीने आधीच धरलेला असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी फिरायच्या आधी तपासायची आणि आकडाही तेव्हाचाच धरायचा. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकून जास्त तापतो, उन्हात फुटतो तो बहुधा कमी हवेचा.

टायर बदलणार असाल तर बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. १८२३ म्हणजे २०२३ सालचा अठरावा आठवडा. नक्षी शाबूत पण आठ वर्षं जुना, कडांना बारीक भेगा, असा टायर "नवाच आहे" म्हणून विकला जातो.

ब्रेक फ्लुइड, म्हणजे ब्रेकच्या नळीतला द्रव, कुणी बदलत नाही. खरं सांगायचं तर मीही बरीच वर्षं नाही बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि त्यात पाणी जमलं की उकळबिंदू घसरतो: डॉट ४ या प्रकाराच्या फ्लुइडचा किमान २३० अंशांवरून १५५ वर. आंबा किंवा वरंधा घाट उतरताना मागचा ब्रेक सतत दाबून ठेवलात तर डिस्क तेवढी तापू शकते, फ्लुइड उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे येतात आणि लिव्हर एकदम पोकळ लागतो. घाट चढताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा आणि दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला. दोन-चारशे रुपयांचं काम.

सीटवर जाळीदार, हवा खेळणारं कव्हर टाकणं हा उन्हाळ्यातला बेस्ट अपग्रेड, एवढंच. विंडस्क्रीनबद्दल मात्र वर सांगितलेलं सूत्र पुन्हा लागू होतं. कोकणात उंच काच गुदमरवते, विदर्भात तीच भट्टीचं दार लोटून घेते. गोव्यातल्या मित्राने काढून टाकलेली काच मी नागपुरात लावली आहे, दोघंही खूश.

आणि सायलेन्सर. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरने गाडी थंड होत नाही, पळतही नाही, आणि पोलीस असे सायलेन्सर जप्त करून ओळीत मांडतात नि वरून रोडरोलर फिरवतात. तेवढ्याच पैशात लेव्हल टूचा पाठीचा आर्मर, नवं ब्रेक फ्लुइड, जाळीचं सीट कव्हर आणि वर दोन-तीन ओआरएसची पाकिटं येतात.

राहिली धुलाई. उन्हाळ्यात वापरलेलं जॅकेट आठ दिवसांत असा वास मारतं की माणूस ते घालायचं टाळायला लागतो, आणि टाळलेलं जॅकेट दाराच्या खिळ्याला लटकून कुणालाच वाचवत नाही. आर्मर सगळे काढा, कुठला कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा (डावा-उजवा कोपर परत बसवताना हमखास चुकतो), चेन लावून टाका. बादलीत कोमट पाणी, केसांचा शाम्पू टाकून तासभर भिजत. मिठाने पाणी गढूळ होतं, दोनदा बदला. मशीनमध्ये नको, पिळायचं नाही, नुसतं टांगायचं. तेही सावलीत, कारण कडक ऊन धाग्यांना खातं. हेल्मेटच्या आतलं अस्तरही त्याच पाण्यात. विदर्भात हे सगळं दोन तासांत वाळतं. रत्नागिरीत शनिवारी धुतलेलं जॅकेट सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना अजून ओलं असतं, आणि नेमकं तिथे ओलं जॅकेट घालून काहीच फायदा नाही.